तुम्ही विचारलंत म्हणून: व्हीआरच्या कोर्सला हेडसेट किती घ्यायचे?

व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी, हेडसेट डोळ्यांवर चढवून कॉम्प्युटरवर बनवलेल्या जगात शिरणं. त्याचा कोर्स सुरू करायचाय म्हणून कोणाचाही फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, मॅडम हेडसेट किती घ्यायचे, आणि दुसरा, कुठल्या कंपनीचे. उत्तर देऊनच टाकते: चार जणांच्या टीमला एक, वर दोन जादा, कारण एक कायम चार्जिंगला असतो आणि एकाचा हातात धरायचा कंट्रोलर कायम सापडत नसतो. कंपनी बजेटमध्ये बसेल ती. फक्त सगळे एकाच मॉडेलचे घ्या. पण यानंतर जे विचारायला हवं ते कोणी विचारतच नाही, की मुलांनी बनवलेली जगं घालून बघणार कोण, आणि टाइमटेबलमध्ये त्याला जागा कुठेय?

व्हीआरची भानगड अशी आहे की बनवणाऱ्याला स्वतःच्या जगातला त्रास जाणवेनासा होतो. डोळे सांगतात आपण पुढे चाललोय, कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते अहो खुर्चीत बसलोय, आणि या भांडणातून मळमळ, घाम, डोकं जड होणं सुरू होतं. पण तेच तेच रोज घालून बघितलं की बहुतेकांचं शरीर जुळवून घेतं. मग मुलगा अगदी मनापासून सांगतो की मॅडम एकदम स्मूथ चालतंय, आणि बाहेरचा माणूस दोन मिनिटांत हेडसेट काढून टेबल धरून उभा राहतो. शिवाय दार कुठे आहे, कुठलं बटण दाबायचं हे बनवणाऱ्याला माहीतच असतं, आपल्याच घरात अंधारात चालल्यासारखं. त्यामुळे स्वतःचं टेस्टिंग स्वतः करून व्हीआरमध्ये फारसं काही हाती लागत नाही, दुसऱ्याचं डोकंच लागतं, आणि तेही ताजं, कारण एकदा बघितलेल्या माणसाची पहिली नजर परत मिळत नाही.

आता साधा हिशोब करा. चाळीस मुलं, दहा टीम, प्रत्येक टीमला पाच नवी माणसं, प्रत्येकी दहा मिनिटं. झाली पाचशे मिनिटं, आठ तासांच्या वर, आणि यात पट्टा घट्ट करणं, लेन्सचं अंतर जुळवणं, चष्मा सांभाळणं, मधे पुसून घेणं, बोलून नोंद करणं काहीच धरलेलं नाहीये. तेही एका फेरीचं, आणि दोन फेऱ्या तरी हव्यातच. म्हणून माझं म्हणणं असतं की आधी टेस्टिंगचे तास टाइमटेबलवर टाका, मग उरलेल्या जागेत लेक्चर बसवा. उलटं केलं की टेस्टिंग शेवटच्या आठवड्यात ढकललं जातं आणि तेव्हा काही बदलायला वेळच नसतो.

सुरुवातीच्या लेक्चरमध्ये इतिहास फार लांबवू नका, पण अमेरिकन संगणकतज्ज्ञ आयव्हन सदरलँडचं 1968 चं डोक्यावर घालायचं यंत्र जरूर सांगा. छताला टांगलेला दांडा डोक्याची हालचाल मोजायचा आणि डोळ्यासमोर दिसायच्या नुसत्या चमकणाऱ्या रेघा, पण डोकं हललं की त्या रेघांची आकृती योग्य तशी फिरायची आणि म्हणून ती जागेवर आहे असं वाटायचं. मुलांना भारी टेक्स्चर आणि सावल्यांचं वेड असतं, त्यावर हा चांगला उतारा आहे. त्याच तासाला एक रिकामी खोली आणि एक ठोकळा असलेलं जग घालायला द्या, मग पोझिशन ट्रॅकिंग, म्हणजे डोकं कुठे सरकलं ते मोजणं, बंद करून मिनिटभर तेच परत द्या. फक्त मान फिरवली तर ठीक, पण पुढे वाकलं की ठोकळाही बरोबर सरकतो आणि सगळी मजा संपते. हे स्लाइडवर कितीही समजावलं तरी कळत नाही.

मग फ्रेमचं, म्हणजे एकामागून एक दाखवायच्या चित्रांचं, गणित. 90 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 90 फ्रेम दाखवणारा, हेडसेट असेल तर एका फ्रेमला साधारण 11 मिलिसेकंद मिळतात, आणि त्यात दोन्ही डोळ्यांची दोन चित्रं बसवायची असतात. डोकं हलवल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा वेळ 20 मिलिसेकंदांच्या आत ठेवायचा असं सगळे धरून चालतात. हा आकडा आला की एवढी झाडं कशाला, एवढे दिवे कशाला ही चर्चा मुलं स्वतःच सुरू करतात, आपण ओरडायची गरज पडत नाही.

टीमच्या बाबतीत अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीत प्राध्यापक रँडी पॉश यांनी नव्वदच्या दशकात सुरू केलेल्या कोर्सची पद्धत मला आवडते. वेगवेगळ्या डिपार्टमेंटची मुलं एकत्र, छोटी छोटी जगं, आणि दर प्रोजेक्टला टीम बदलायची. सेमिस्टरभर एकच भव्य जग बनवायला दिलं की दोघं कोड लिहितात, एक जण रात्री जागतो आणि चौथा प्रेझेंटेशन करतो, तुम्हाला माहितीये.

त्रास मोजायला 1993 ची सिम्युलेटर सिकनेसची, म्हणजे अशाच मळमळण्या-गरगरण्याची, प्रश्नावली आहे, सोळा लक्षणं, प्रत्येकाला शून्य ते तीन. ती आधी आणि नंतर दोन्हीदा भरून घ्या, नाहीतर रात्रभर न झोपलेल्या पोराची डोकेदुखी बिचाऱ्या टीमच्या नावावर जाते. आणि पहिल्याच दिवशी वर्गात स्पष्ट सांगा की हेडसेट घालणं सक्तीचं नाही, कधीही काढा, का काढला ते विचारणार नाही, मार्क जाणार नाहीत. काहींना अर्धशिशी असते, काहींना एका डोळ्याने नीट दिसत नाही, काहींना नुसतंच सहन होत नाही. अशी मुलं टेस्टिंगच्या वेळी बघून नोंदी करायला बसतात तेव्हा अनेकदा त्यांनाच सगळ्यात जास्त दिसतं. दोन मिनिटं लागणारी ही सूचना सिलॅबसमध्ये लेखी टाका.

बारीकसारीक कटकटी आहेतच. वायफायला ब्राउझरमधून लॉगिन करावं लागत असेल तर हेडसेट रुसतात, लॅबला वेगळा राउटर मागून घ्या. अपडेट सेमिस्टर संपेपर्यंत शक्य तितके पुढे ढकला, इंजिनची, म्हणजे ज्यात जग बनवतात त्या सॉफ्टवेअरची, आवृत्ती पहिल्या आठवड्यात ठरवा ती शेवटपर्यंत तीच. असाइनमेंट एका कंपनीच्या सॉफ्टवेअर किटवर बांधण्यापेक्षा ओपनएक्सआरवर, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या हेडसेटना चालणाऱ्या सामाईक स्टँडर्डवर, ठेवा, 2019 मध्ये ते स्टँडर्ड आलं ते याच डोकेदुखीसाठी.

आता मार्क. फायनल डेमोला माझा एकच कडक नियम आहे, अनोळखी माणूस हेडसेट घालेल आणि टीम भिंतीला उभी राहून तोंड बंद ठेवेल. "आता डावीकडे बघा", "ट्रिगर दाबा ना", "तिकडे नको जाऊ" असलं एक वाक्य आलं की मार्क कापले. मुलांना हा शुद्ध छळ वाटतो. पण सांगावं लागलं याचा अर्थ जगात काहीतरी राहिलंय, प्रकाश चुकलाय किंवा आवाज चुकीच्या बाजूने येतोय. निम्मे मार्क जगाला, निम्मे टेस्टिंगच्या वहीला, म्हणजे कोणाला काय झालं, त्यावर काय बदललं, आणि काय बदललं नाही व का.

युनिव्हर्सिटी लेखी पेपरही घ्याच म्हणते, ते टळत नाही. तर व्हीआरची व्याख्या लिहा वगैरे विचारू नका. एका टेस्टिंगच्या नोंदी छापून द्या, पाच जणांपैकी तिघं दारापाशी येऊन मागे वळले, एक जण बाजूने चालत भिंतीत गेला, एकीला जिना चढताना गरगरलं, आणि विचारा की पहिल्यांदा काय दुरुस्त कराल आणि का. उत्तरं तपासायलाही कंटाळा येत नाही, कारण चाळीस पेपरांत चाळीस वेगळी दारं असतात.