तुम्ही विचारलंत म्हणून : शाळकरी मुलांना घेऊन याकुशिमाला कशासाठी?

जपानमध्ये राहायला आल्यापासून सुट्टीत कुठे गेलात, हा प्रश्न पुण्याच्या नातेवाइकांकडून दरवर्षी येतो, आणि याकुशिमाचे नाव सांगितले की त्यामागोमाग दुसरा प्रश्न ठरलेला असतो : तोक्योच्या आसपास मुलांसाठी एवढे सगळे असताना त्यांना पार दक्षिणेकडच्या एका पावसाळी बेटावर झाडे पाहायला कशासाठी नेले, आणि त्यांना त्यातून मिळाले काय? फोनवर याचे उत्तर नेहमी अर्धवट राहते, म्हणून ते येथे सविस्तर लिहिते आहे.

जंगल राखले जाते किंवा नष्ट होते ते माणसांनी वेळोवेळी घेतलेल्या निर्णयांमुळे, हे मुलांना दाखवायला याकुशिमाइतकी चांगली जागा मला माहीत नाही. प्रवासाच्या जाहिरातींमधून असा समज होतो की या बेटावर हजारो वर्षे कोणाचाही हात न लागलेले अरण्य आहे. तसे काही भाग तेथे खरोखरच आहेत. परंतु पायवाटांवरून जे जंगल आपण पाहतो, त्याच्या बऱ्याच भागात शतकानुशतके कुऱ्हाड चालली, पुढे यंत्राची करवतही चालली, आणि आज डोळ्यांसमोर दिसते ते त्यातून उरलेले व पुन्हा उगवून आलेले आहे. मुलांनी हे उरणे आणि उगवणे दोन्ही पाहावे, अशी माझी मनापासून इच्छा होती.

क्युशू या जपानच्या दक्षिणेकडील मोठ्या बेटाच्या दक्षिण टोकापासून सुमारे ६० किलोमीटरवर असलेले हे बेट जवळजवळ गोल असून त्याचे क्षेत्रफळ साधारण ५०० चौरस किलोमीटर आहे. कागोशिमा बंदरातून वेगवान बोटीने दोन-अडीच तासांत तेथे पोहोचता येते. एवढ्याशा बेटाच्या मधोमध मियानोउरा हे १,९३६ मीटर उंचीचे शिखर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईहून बरेच उंच. समुद्रावरून येणारे ढग या डोंगरांना अडतात, त्यामुळे डोंगरमाथ्यावर वर्षाला ८,००० ते १०,००० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वर आणि आंबोलीचा पाऊस आपल्याला ठाऊक आहे, परंतु तो चार महिन्यांचा. येथे तो वर्षभर पडतो आणि हिवाळ्यात शिखरांवर बर्फही असते. किनाऱ्यालगत गाजुमारूची झाडे दिसली तेव्हा आम्ही थबकलो, कारण आपल्याकडे ज्याला नांदरूक म्हणतात तेच हे झाड. तेथून वर चढत गेले की सदाहरित रुंद पानांचे जंगल लागते आणि आणखी वर सुगी नावाच्या वृक्षांचे.

सुगी म्हणजे जपानी सीडर. दार्जिलिंगला गेलेल्यांनी ते पाहिले असेल, कारण इंग्रजांच्या काळात तेथे लावलेली ‘धुपी’ ती हीच. एरवी या झाडाचे आयुष्य साधारण पाचशे वर्षे मानतात, पण याकुशिमात हजार वर्षे ओलांडलेली झाडे आहेत आणि याकुसुगी हे नाव केवळ अशा झाडांनाच देतात. जमीन ग्रॅनाइटची व निकस असल्यामुळे झाड अतिशय सावकाश वाढते, वर्षांची वलये एकमेकांना चिकटून बसतात, लाकडात राळ भरपूर साठते आणि त्या राळेमुळे एवढ्या ओलीतही ते कुजत नाही. आनबो गावातील याकुसुगी संग्रहालयात खोडाची कापलेली चकती ठेवलेली आहे. मुलीने तिच्यावर आपल्या वयाएवढी वलये मोजायला घेतली, तर ती सगळी तिच्या नखाच्या रुंदीत मावली. त्याच संग्रहालयात जोमोन-सुगी या सर्वांत प्रसिद्ध वृक्षाची एक फांदी आहे, जी २००५ सालच्या डिसेंबरात बर्फाच्या भाराने मोडली. ती फांदी एकटीच एखाद्या मोठ्या झाडाएवढी आहे.

जोमोन-सुगीपर्यंत मात्र आम्ही गेलो नाही. जाऊन-येऊन सुमारे २२ किलोमीटरची आणि दहा तासांची ही चाल आहे, आणि थकलेल्या मुलाला काहीही शिकवता येत नाही असे माझे ठाम मत आहे. त्याऐवजी त्याच वाटेवर अराकावा या तिच्या सुरुवातीच्या ठिकाणापासून कोसुगिदानी या उठून गेलेल्या वस्तीपर्यंत, म्हणजे तासाभराच्या आत पोहोचता येईल एवढेच चाललो. ही वाट जुन्या लाकूडवाहू रेल्वेच्या रुळांवरून जाते. १९२३ साली ही रेल्वे सुरू झाली आणि लाकूडतोड्यांची कुटुंबे डोंगरात येऊन राहिली. १९६० च्या सुमारास येथे पाचशेहून अधिक माणसे होती. तोड कमी झाली, १९७० साली वस्ती उठली, आणि आता तेथे शाळेची जागा तेवढी ओळखू येते. आमच्या मुलाला हे पटेना. जंगलाच्या एवढ्या आत शाळा कशी, आणि मुले गेली कुठे, असे तो पुनःपुन्हा विचारत राहिला. सहलीत मला सर्वांत मोलाची वाटलेली घटका ही. झाडे तोडणारी माणसे गोष्टीतल्या दुष्टांसारखी नव्हती, त्यांची मुले याच पटांगणात खेळत होती आणि त्यांच्या घरची चूल त्या लाकडावर चालत होती, हे त्याला रुळांवर उभे राहून कळले. पुस्तकातल्या ‘झाडे लावा, झाडे जगवा’ या धड्यात ही माणसे कधी भेटत नाहीत.

तोडीचा इतिहास याहून बराच जुना आहे. बेटावरील लोक डोंगराला देव मानत आणि मोठ्या झाडांना हात लावायला भीत. सतराव्या शतकात आनबो गावचे विद्वान तोमारी जोचिकु यांनी त्यांची समजूत घातली, असे परंपरा सांगते : झाडाला रात्रभर कुऱ्हाड टेकवून ठेवावी, सकाळी ती पडलेली नसेल तर देवाची परवानगी आहे असे समजावे. बेट दक्षिण क्युशूतील सात्सुमा संस्थानाच्या सरदारांच्या ताब्यात होते, भाताची शेती फारशी पिकत नव्हती, आणि कर भरण्यासाठी सुगीच्या छपरी फळ्या उपयोगी पडत. त्या फळ्या फाडायला सरळ, बिनगाठीचे खोड लागे. म्हणून सरळ झाडे गेली आणि पिळलेली, पोकळ, गाठाळ झाडे राहिली. आज जगभरातून माणसे ज्या राक्षसी वृक्षांचे दर्शन घ्यायला येतात, त्यांतले कितीतरी त्या काळी निरुपयोगी ठरल्यामुळे वाचलेले आहेत.

कुऱ्हाडीची ही गोष्ट गाइडने सांगितली तेव्हा मुलीने मला मराठीत विचारले, “आई, आपल्या देवराईत असं कोणी केलं तर?” रत्नागिरी जिल्ह्यात माझ्या सासरच्या गावी देवराई आहे आणि तेथून वाळकी काटकीसुद्धा घरी आणायची नाही, हे आजीने मुलांच्या मनावर चांगलेच बिंबवले आहे. मी तिला खरे ते सांगितले : कोकणातही काही ठिकाणी देवाला कौल लावून झाडे तोडली गेली आहेत, आणि केवळ भीतीवर राखलेले रान भीती सरली की उघडे पडते. तरीही श्रद्धेचा भाग मला हलका करायचा नाही. याकुशिमाच्या गावांमध्ये वसंतात आणि शरदात गावाच्या वतीने काही जण समुद्रकाठची वाळू घेऊन डोंगरावरच्या देवाला जातात, आणि मधल्या काळात मंदावलेली ही रीत काही गावांनी पुन्हा सुरू केली आहे. ज्या डोंगराला आपण नमस्कार करतो त्याच्या पाण्याची काळजी वाटणे अधिक सोपे जाते, असे मला अजूनही वाटते.

याकुसुगी लँड नावाच्या राखीव जंगलात आम्ही सर्वाधिक वेळ घालवला. नावावरून वाटते तसे तेथे पाळणे-झोपाळे काही नाहीत. सुमारे हजार मीटर उंचीवरचे हे जंगल आहे, अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंतच्या निरनिराळ्या वाटा आखलेल्या आहेत, आणि लहान मुले असलेल्या कुटुंबाने आधी येथेच यावे असे मी सांगेन. शेवाळाने मढलेले जुने बुंधे पावलोपावली दिसतात. त्यांतल्या एका बुंध्यावर सुगीची दोन झाडे जोडीने वाढली आहेत. मोठे झाड तोडल्यावर वरचे छत उघडते, उजेड खाली येतो. जमिनीवर पडलेले बी दाट सावलीत आणि वाहत्या पाण्यात तग धरत नाही, पण उंच बुंध्यावरच्या ओल्या शेवाळात ते रुजते. राळेमुळे बुंधा शेकडो वर्षे टिकतो, त्यामुळे नव्या झाडाला मुळे खाली जमिनीपर्यंत पोहोचवायला पुरेसा अवधी मिळतो. एडो काळात (१६०३ ते १८६८) तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांवर उगवलेली झाडे आज तीनशे वर्षांची आहेत. तोडीनंतर जंगल परत येऊ शकते, पण त्यासाठी बुंधे, शेवाळ, पाऊस आणि माणसाने मध्ये न पडण्याची काही शतके लागतात, हे त्या एका ठिकाणी मुलांना समजले.

विसाव्या शतकात तेवढा अवधी कोणी देत नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर देशाला लाकूड हवे होते, यंत्राची करवत आली, आणि पूर्वी माणूस जेथे पोहोचत नव्हता अशा उतारांवर सरसकट तोड होऊ लागली. शहरात गेलेले काही तरुण याच काळात बेटावर परतले आणि १९७२ साली त्यांनी याकुशिमा वाचवण्यासाठी संघटना उभारली. शेजाऱ्यांच्या रोजगारावर गदा आणणारे म्हणून त्यांना गावात बोलणी खावी लागली. पश्चिमेकडील सेगिरे नदीच्या खोऱ्यासाठी त्यांनी दीर्घ झगडा दिला, आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी तेथील तोड थांबली. समुद्रकिनाऱ्यापासून डोंगरमाथ्यापर्यंत अखंड पसरलेले जंगल त्या बाजूला टिकून राहिले, आणि १९९३ साली बेटाचा सुमारे पाचवा हिस्सा जागतिक वारसा म्हणून नोंदला गेला तेव्हा हा अखंड उतारच त्याच्या महत्त्वाचे एक मोठे कारण होता. माझ्या दृष्टीने या बेटाचे खरे स्मारक जोमोन-सुगी नसून हा पश्चिम उतार आहे.

राखणे फुकट होत नाही, हेही मुलांनी पाहिले. याकुसुगी लँडमध्ये मोठ्या माणसाकडून ५०० येन घेतात. उंच डोंगरात जाऊन त्याच दिवशी परतणाऱ्यांकडून २०१७ सालापासून १,००० येनांचे सहकार्य मागितले जाते, कारण वरच्या शौचालयांतला मैला माणसांना पाठीवरून खाली वाहून आणावा लागतो. आपली पिशवी आपणच परत आणता यावी म्हणून एकदा वापरायचे शौचालय-संच विकत मिळतात. आधी मुले हसली आणि मग गंभीर झाली. जोमोन-सुगीच्या मुळांवरची माती पायांखाली धुपू लागली म्हणून १९९६ साली लांबून पाहण्यासाठी लाकडी चौथरा बांधला गेला, हे संग्रहालयात ऐकल्यावर झाडाला मिठी का मारू देत नाहीत हा मुलाचा प्रश्न आपोआप सुटला.

हरणांचा प्रश्न मात्र सुटला नाही. पश्चिमेच्या वनमार्गावर गाडी अगदी हळू न्यावी लागते, कारण माकडे रस्त्यातच बसून एकमेकांच्या उवा वेचत असतात आणि जपानच्या इतर भागांतल्या हरणांपेक्षा लहानखुरी हरणे कडेला चरत असतात. मुले आनंदाने वेडी झाली होती. तेव्हा गाइडने गाडी थांबवून जमिनीकडे पाहायला सांगितले. झाडांखाली पालापाचोळा होता, पण रोपे जवळजवळ नव्हती. हरणांची संख्या वाढली आहे, ती कोवळी रोपे आणि दुर्मीळ नेचे खाऊन टाकतात, म्हणून काही ठिकाणी जाळ्यांची कुंपणे घातली आहेत आणि परवाना असलेले शिकारी हरणे मारतात. मुलगा रडवेला झाला. मुलीचे म्हणणे पडले की रोपे नसतील तर पुढे हरणांनाही खायला काही उरणार नाही. दोघे बोटीवर चढेपर्यंत भांडत होते, आणि मी कोणाचीच बाजू घेतली नाही, कारण बेटावरची जाणती माणसेही यावर अद्याप वाद घालत आहेत. घरी आल्यावर मुलाने शाळेच्या सुट्टीच्या प्रकल्पासाठी हाच विषय घेतला असून, कुंपणाच्या आत आणि बाहेर किती रोपे उगवतात याची माहिती कोठे मिळेल, असे त्याने संग्रहालयाला पत्र लिहून विचारले आहे.