द्रुत तेवढी उरली

आज गाण्यांच्या अ‍ॅपवरच्या माझ्या यादीतली विलंबित, म्हणजे संथ लयीतली, बंदिश राखाडी झाली. नाव दिसतं, बोट ठेवलं तरी वाजत नाही. तिच्यामागून येणारी जलद लयीतली द्रुत मात्र शाबूत आहे, म्हणजे राग आता थेट तीनतालातच सुरू होणार. मन दिवसभर तिथेच अडकलंय.

कारण माहीत आहे. लेबलशी, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीशी, अ‍ॅपचा असलेला करार संपतो, नाहीतर लेबल तोच अल्बम काढून पुन्हा नव्याने चढवतं आणि जुना दुवा मरतो. नव्याने चढवला असेल तर गायकाचं नाव आणि मिनिटं-सेकंद ताडून शोधलं की सापडतो. करारच संपला असेल तर नाही. डाउनलोड करून ठेवलं असलं तरी उपयोग नाही, फाइल कुलूपबंद असते, अ‍ॅपबाहेर वाजत नाही. स्पॉटिफायवर तर ३० दिवसांतून एकदा इंटरनेटला जोडावंच लागतं. इतकी वर्षं महिन्याच्या महिन्याला पैसे भरले, आणि हातात काय? दादा हेच म्हणाला होता. जाऊ दे.

२००३ मध्ये आयट्यून्सच्या दुकानात ९९ सेंटला एक गाणं मिळायचं. त्यालाही कुलूप होतं, सुरुवातीला तीन संगणकांपुरती मुभा. ते कुलूप २००९ मध्ये निघालं. आपल्याकडे फ्लिपकार्टचं गाण्यांचं दुकान, फ्लाइट, २०१२ मध्ये आलं आणि २०१३ मध्ये बंद झालं, पण तिथल्या एमपीथ्री बिनकुलपाच्या होत्या. ज्यांनी वेळेत उतरवून घेतल्या त्यांच्याकडे त्या आजही वाजतात. दुकान बुडालं तरी माल घरात राहिला. हेच मला पुन्हा पुन्हा टोचतंय.

आणि संगतकार! कॅसेटच्या आतल्या कागदावर तबला कुणाचा, पेटी कुणाची, सगळं छापलेलं असे. अ‍ॅपवर बहुतेक वेळा एकट्या गायकाचं नाव. ज्याने विलंबित एकतालाचा ठेका अर्धा तास धरून ठेवला, तो कुठेच नाही.

तरी खरं सांगायचं तर दुर्मीळ मैफली कानावर पडल्या त्या अ‍ॅपमुळेच. दुकानात मागणी नोंदवूनही त्या मिळाल्या नसत्या. महिन्याचे पैसे शोधण्याचे आहेत, साठवण्याचे नाहीत, असं धरलं की राग निवतो. आवडेल ते मात्र वेगळं घ्यायचं. बँडकॅम्प या गाणी विकत देणाऱ्या साइटवर असेल तर फ्लॅक या फाइल-प्रकारात, नसेल तर सीडी घेऊन एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी या प्रोग्रामच्या सिक्युअर मोडमध्ये संगणकावर उतरवायची. तासाभराची सीडी सुमारे ६३५ एमबी भरते. फ्लॅकमध्ये ती साधारण निम्म्यावर येते आणि आवाजातलं काही गळत नाही. ३२० केबीपीएसची एमपीथ्री १४४ एमबीत बसते, पण काही प्लेअरवर दोन ट्रॅकच्या मध्ये बारीक खंड पडतो, आणि विलंबितातून द्रुतात जाताना तो फार खुपतो. फाइलसोबतच्या माहितीत, म्हणजे टॅगमध्ये, संगतकारांची नावं हाताने भरायची. प्रती दोन, वेगवेगळ्या डिस्कवर.

त्या विलंबिताची सीडी जुन्या बाजारात बघायला हवी. सीडी ड्राइव्ह दादाकडेच आहे, म्हणजे फोन करावा लागणार.