चार स्क्रिप्टा, एकच कमांड

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) मी कॉम्प्युटरचं सगळं बघतो. सगळं म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापासून लिनक्स सर्व्हरपर्यंत. रोज सकाळी चार स्क्रिप्टा, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, हातानं चालवायच्या. पहिली स्पेक्ट्रोमीटरच्या (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राच्या) पीसीवरून रात्रपाळीच्या हीटांच्या (भट्टीतल्या एकेका वितळणीच्या) सीएसव्ही फाइली ओढते, दुसरी त्यातला कार्बन, सिलिकॉन तपासून डेटाबेसमध्ये भरते, तिसरी रिपोर्ट काढते, चौथी बॅकअप घेते. माझी रजा असली की क्वालिटीच्या दादांचा फोन ठरलेला: "भावा, रिपोर्ट कुठं हाय?"

चारी स्क्रिप्टांच्या कमांडा एका फाइलीत एकाखाली एक लिहिल्या, वर बॅशची (कमांडा चालवणाऱ्या शेलची) ओळ टाकली, फाइलीला चालवायची परवानगी दिली. एवढं कुणालाही जमतं. पण दुसरी स्क्रिप्ट मध्येच पडली तरी शेल काही बोलत नाही, निवांत तिसरीकडे जातो. मग आकडे जुने आणि वर तारीख आजची, असा रिपोर्ट निघणार. त्यापेक्षा रिपोर्ट न आलेला बरा, कारण तो बघून चार्जमध्ये (भट्टीत टाकायच्या मालात) काय कमी-जास्त करायचं ते ठरतं.

यावर उपाय शेलमध्येच आहे. प्रत्येक प्रोग्रॅम संपताना एक आकडा मागे ठेवतो: 0 म्हणजे काम झालं, दुसरं काहीही म्हणजे गडबड. 'सेट मायनस ई' लिहिलं की पहिल्या गडबडीला गाडी थांबते. मात्र आमच्या स्क्रिप्टांचं आउटपुट पाइपमधून (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या जोडणीतून) 'टी' कमांडकडे जायचं, ती ते स्क्रीनवर दाखवते आणि फाइलीतही लिहिते, आणि पाइपमध्ये शेल शेवटच्या कमांडचा आकडा धरतो. स्क्रिप्ट पडली तरी 'टी' आपली 0 देऊन मोकळी! त्याला 'पाइपफेल' हा पर्याय आहे, तो लावला की पाइपमधली कुठलीही कमांड पडली तरी कळतं, पण मी 'टी'च काढून टाकली आणि आउटपुट, एरर दोन्ही सरळ लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलीत) वळवले. एक छोटं फंक्शन लिहिलं: स्क्रिप्टचं नाव घ्यायचं, ती चालवायची, वेळ आणि आकडा लॉगमध्ये टाकायचा, आकडा 0 नसेल तर मला आणि दादांना मेल करून थांबायचं. बॅकअप तेवढा या साखळीबाहेर ठेवला. रिपोर्ट बिघडला म्हणून बॅकअप चुकवायचं काही कारण नाही.

टर्मिनलवर सगळं सुरळीत, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांडा आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) घातलं की बंद. क्रॉन आपलं प्रोफाइल (लॉगिनच्या सेटिंगची फाइल) वाचत नाही, त्याचा पाथ (प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत शोधायचे ती यादी) अगदी तोकडा असतो आणि आमचं पायथन होतं भलत्याच फोल्डरमध्ये. सगळीकडे पूर्ण पत्ते लिहिले. लॉगच्या नावात तारीख हवी होती, तर क्रॉनच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ! बॅकस्लॅश देऊन चालतं, पण मी तारखेचा भागच स्क्रिप्टच्या आत नेला.

कुणीतरी विंडोजच्या नोटपॅडमध्ये फाइल उघडून सेव्ह केली तेव्हाही ती चालेना. ओळींच्या शेवटी विंडोजची जादा खूण बसली होती. 'डॉस टू युनिक्स' चालवून काढली.

आता दादांना रिपोर्ट दर तासाला पाहिजे. नेटवर्क संथ असलं तर पहिला फेरा संपायच्या आत दुसरा सुरू व्हायचा, म्हणून 'एफलॉक' लावलंय. आधीचा फेरा चालू असेल तर नवा सुरूच होत नाही. लॉग मात्र फुगत चाललाय, जुने लॉग आपोआप बाजूला काढणारं 'लॉगरोटेट' अजून लावायचंय.