आमची वाटचाल : फायबरच्या होड्या बांधण्यापासून मोडण्यापर्यंत

रत्नागिरीपासून मालवणपर्यंत कुठल्याही बंदरावर जा, मागच्या अंगाला फायबरच्या जुन्या होड्या उपड्या पडलेल्या दिसतात. लाकडाची होडी मोडली की चुलीत तरी जायची. फायबरला भंगारवालाही हात लावत नाही, कारण त्यातल्या काचेच्या तंतूंना धरून ठेवणारं पॉलिस्टर रेझिन (चिकट राळेसारखं प्लास्टिक) एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. मग कुणीतरी ती पेटवून देतं आणि काळा धूर अख्ख्या वाडीत भरतो. आमचा मूळ धंदा याच होड्या बांधायचा. त्यांचं पुढे काय, हा प्रश्नही आमचाच, म्हणून रत्नागिरीजवळ शेड घेऊन पायरोलिसिसची, म्हणजे माल हवेशिवाय तापवून त्याचं विघटन करणारी, भट्टी उभी केली.

भट्टीत हवा शिरू द्यायची नाही, हे मुख्य. ४५० ते ५५० अंशांवर, ऑक्सिजनशिवाय, रेझिन पेट घेत नाही. त्याचा वायू आणि तेल होतं, मागे काजळी धरलेली काच उरते. वायू भट्टीच्याच बर्नरला जोडलाय, त्यामुळे एकदा तापली की बाहेरचं इंधन कमी लागतं. त्रास दिला तो थॅलिक अनहायड्राइड या रसायनाने. पॉलिस्टरमधून ते निघतं आणि वायू थंड होताना पाइपात त्याच्या पांढऱ्या सुया धरतात. पाइप उघडावा तर आत कापूस कोंबल्यासारखा. आमच्या मिस्त्रींनी तेवढा पाइप गरम ठेवून सुया वेगळ्या टाकीत उतरवल्या, तेव्हा कुठे भट्टी सलग चालू लागली.

पण खरी मेहनत भट्टीच्या आधीची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढल्या जातात आणि कुठली मोडीत काढायची ते नाखवा तेव्हाच ठरवतो. म्हणजे माल येतो ऐन पावसात, भिजलेला, मीठ मुरलेला. तो गोड्या पाण्याने धुवायचा, इंजिनाखालचं लाकूड आणि बोल्ट काढायचे. पीव्हीसी फोम असेल तर खरवडून बाजूला, नाहीतर त्यातल्या क्लोरीनचं आम्ल होऊन भट्टीचं पोलाद खातं. मग धुराड्याच्या उष्णतेवर सुकवायचा. कापताना काचेची कुसळं अंगात शिरतात. मास्क आणि पूर्ण बाह्यांशिवाय आम्ही कुणाला ग्राइंडरला हात लावू देत नाही.

निघालेल्या काचतंतूचं बळ जवळपास निम्मं झालेलं असतं. त्याची पुन्हा होडी बांधायची नाही, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. बारीक करून तो गटाराच्या झाकणांत, काँक्रीटमध्ये भर म्हणून जातो. भाव बेताचाच. कार्बन फायबरचं वेगळं: त्याचं बळ बरंचसं शाबूत राहतं आणि नवा तंतू महाग, म्हणून मागणी आहे. पुण्याकडच्या कारखान्यांतली कार्बनची कात्रणं आम्ही घेतो आणि होड्यांची तूट त्यातून भरून काढतो. नुसत्या होड्यांवर ही भट्टी चालली नसती.

नव्या होड्या आम्ही अजूनही बांधतो. आता प्रत्येकीच्या आत कोणतं रेझिन, कोणता फोम वापरला त्याची पाटी बसवून देतो. पुढे ती मोडायला घेणाऱ्याला, मग तो आम्ही असू की दुसरा कुणी, ग्राइंडर लावायच्या आधी ते कळायला हवं.