रेडमी नोट ४ चा बूटलोडर अनलॉक करताना

रेडमी नोट ४ भारतात जानेवारी २०१७ मध्ये आला आणि कोल्हापुरात तो अजूनही दिसतो. राजारामपुरीतल्या दुरुस्तीच्या काउंटरवर, शिरोलीच्या कारखान्यात कुणाच्या खिशात, नाहीतर घरी कपाटात बंद करून ठेवलेला. स्नॅपड्रॅगन ६२५ आणि ४१०० एमएएचची बॅटरी असलेलं हे मशीन दणकट आहे. अडतं ते सॉफ्टवेअरपाशी, कारण शाओमी कंपनीने त्याला अँड्रॉइड ७ च्या पुढे नेलंच नाही. दुकानात 'सॉफ्टवेअर मारून देतो' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा तेच जुनं सॉफ्टवेअर पुन्हा भरलेलं असतं. नवं अँड्रॉइड हवं असेल तर आधी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना अँड्रॉइड लोड करणारा छोटा प्रोग्राम, अनलॉक करावा लागतो.

इथे एक गैरसमज फोनच्या जिवावर बेततो. अनलॉक करायचं म्हणजे बूटलोडर बदलायचा नाही. फोन सुरू होताना चिपमध्ये कायमचा कोरलेला कोड पुढच्या टप्प्याची डिजिटल सही तपासतो, तो टप्पा 'अबूट' नावाच्या विभागातल्या बूटलोडरची तपासतो, आणि बूटलोडर कर्नल (अँड्रॉइडचा गाभा) आणि रिकव्हरीची (दुरुस्तीसाठीची वेगळी छोटी प्रणाली). अनलॉक केल्यावर फक्त शेवटची तपासणी सैल होते. खुद्द बूटलोडरवर कंपनीची सही लागतेच, ती अट चिपमध्येच आहे. त्यामुळे एखाद्या ग्रुपवर 'मॉडिफाइड बूटलोडर' म्हणून मिळालेली फाइल अबूटमध्ये टाकली तर फोन फास्टबूटपर्यंतही (संगणकावरून आज्ञा घेणारा मोड) पोचत नाही. त्या विभागाला हात लावू नका.

दुसरी खात्री मॉडेलची. भारतात विकलेला नोट ४ स्नॅपड्रॅगनचा, त्याचं सांकेतिक नाव मिडो. याच नावाचा मीडियाटेक चिपचा फोन बाहेरच्या देशांत विकला गेला, तो निकेल. फाइलच्या नावात मिडो नसेल तर ती फाइल आपली नाही.

सेकंडहँड फोन घेतला असेल तर आधीच्या मालकाचं 'मी' खातं (शाओमीचं खातं) आणि गुगल खातं त्याच्यासमोरच काढून घ्या. अनलॉकमध्ये फोन पूर्ण पुसला जातो आणि मग फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागत बसतो.

तयारीत सगळ्यात दुर्लक्षित राहते ती चार्जिंग पिन. उद्यमनगरात किंवा एखाद्या फाउंड्रीत वापरलेल्या फोनच्या पिनेत लोखंडाचा बारीक चुरा बसतो, पावसाळ्यात त्यावर गंज चढतो. चार्जिंग कसंबसं होतं, पण डेटा मध्येच तुटतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने पिन साफ करा, सुई घालू नका. केबल डेटाची हवी, नुसती चार्जिंगची चालत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये वीज केव्हाही जाते, म्हणून डेस्कटॉपऐवजी चार्ज केलेला लॅपटॉप वापरा. फोनची बॅटरी निम्म्याच्या वर असू द्या.

आता अनलॉक. सेटिंगमध्ये एमआययूआय (शाओमीचं अँड्रॉइड) व्हर्जनवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे 'ओईएम अनलॉकिंग' चालू करा. मग 'मी अनलॉक स्टेटस'मध्ये जाऊन खातं जोडा. या वेळी वायफाय बंद, सिम आत आणि मोबाइल डेटा चालू पाहिजे, नाहीतर खातं जोडलंच जात नाही. त्यानंतर फोन बंद करून व्हॉल्यूम डाउन आणि पॉवर एकत्र दाबा. अँड्रॉइड दुरुस्त करणारा ससा दिसला की फास्टबूट मोड आला. विंडोजवर शाओमीचं मी अनलॉक टूल उघडून त्याच खात्याने लॉगिन करा आणि अनलॉक दाबा. पहिल्या वेळी ते थांबायला सांगतं: ७२, १६८, कधी ३६० तास. या काळात फोन नेहमीसारखा वापरा, पण खातं पुन्हा जोडू नका, लॉगआउट करू नका. तसं केलं की मोजणी नव्याने सुरू होते. पैसे घेऊन 'लगेच करून देतो' म्हणणाऱ्याकडे या प्रतीक्षेवर अधिकृत उपाय नसतो.

टूलला फोन दिसत नसेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघा. 'अँड्रॉइड'समोर पिवळा त्रिकोण असला तर ड्रायव्हर नाही, तो विंडोज अपडेटच्या ऑप्शनल यादीत सापडतो. रायझन प्रोसेसरच्या मशीनवर यूएसबी ३ पोर्टला फास्टबूट अडखळतं. यूएसबी २ चा पोर्ट किंवा मध्ये साधा यूएसबी २ हब लावला की बऱ्याचदा काम होतं.

अनलॉक झाला की लगेच रॉम (नवं अँड्रॉइड सॉफ्टवेअर) टाकायची घाई होते. थांबा. आधी बॅकअप. मिडोसाठीची टीडब्ल्यूआरपी (कंपनीबाहेरची रिकव्हरी) फाइल घेऊन लॅपटॉपवरून आधी 'फास्टबूट बूट' आज्ञेने रिकव्हरी नुसती चालवून बघा, फ्लॅश करू नका, म्हणजे कायमची बसवू नका. (आज्ञा इथे देवनागरीत आहेत, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.) तिथे ईएफएस आणि पर्सिस्ट या दोन विभागांचा बॅकअप घ्या. फोनचे आयएमईआय (ओळख क्रमांक) आणि नेटवर्कची जुळणी यांच्याशी संबंधित माहिती त्यात असते. ती बिघडली की सिम ओळखलं जात नाही किंवा व्होल्टी (४जी वरचे कॉल) जातं, आणि दुसऱ्या फोनची फाइल आणून ते सुधारत नाही. आयएमईआय बदलणं कायद्याने गुन्हा आहे, म्हणून स्वतःच्याच फोनचा बॅकअप हा एकमेव सरळ मार्ग राहतो. तो मेमरी कार्डवर किंवा लॅपटॉपवर घ्या. फोनच्या स्टोरेजमध्ये ठेवला तर पुढच्याच पायरीत तो पुसला जातो.

मग 'फास्टबूट फ्लॅश रिकव्हरी' करून टीडब्ल्यूआरपी कायमची बसवा. इथून थेट रिकव्हरीतच जायचं: व्हॉल्यूम अप आणि पॉवर धरून ठेवा, लोगो आला की पॉवर सोडा. मध्ये एकदा जरी एमआययूआय सुरू झालं तर ते आपली जुनी रिकव्हरी परत बसवतं. रिकव्हरीत 'फॉरमॅट डेटा' निवडून येस टाइप करा. नुसतं स्वाइप करून वाइप केलं तर जुनं एन्क्रिप्शन राहतं आणि स्टोरेज शून्य एमबी दिसतं. त्यानंतर रॉमची झिप आणि लगेच, पहिल्या बूटच्या आधी, गुगल अ‍ॅप्सची झिप: एआरएम ६४ ची (या फोनच्या प्रोसेसरचा प्रकार), रॉमच्याच अँड्रॉइड व्हर्जनची. गुगल अ‍ॅप्स नंतर टाकली की अ‍ॅप्स एकामागून एक क्रॅश होतात. पहिल्या बूटला पाच-दहा मिनिटं लागली तर घाबरू नका.

रॉम बसवताना 'एरर ७' आला तर झिप या फोनची नाही, किंवा टीडब्ल्यूआरपी नाहीतर फर्मवेअर (चिपचं मूळ सॉफ्टवेअर) जुनं आहे. झिप उघडून तपासणीची ओळ पुसून टाकायची युक्ती खूप जण सांगतात. ती करू नका. चुकीच्या फोनवर रॉम बसण्यापासून तीच ओळ वाचवते.

यूपीआयचं आधीच ठरवा. अनलॉक केलेला फोन गुगलच्या प्ले इंटिग्रिटी तपासणीत (फोन विश्वासू आहे का ते बघणारी) कमी पडतो आणि काही बँकांची अ‍ॅप्स उघडत नाहीत. पैशांचे व्यवहार दुसऱ्या फोनवर ठेवा. गाणी, हॉटस्पॉट, मुलांचे व्हिडिओ वर्ग यांना हा फोन उत्तम चालतो.

स्क्रीन काळी पडली आणि फोन मेला असं वाटलं तर लॅपटॉपला जोडून बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'क्वालकॉम ९००८' (चिपचा आणीबाणीचा मोड) दिसलं तर तो अजून जिवंत आहे. काहीच दिसलं नाही तर मागचं झाकण उघडून बोर्डावरचे टेस्ट पॉइंट जोडावे लागतात. हे चांगल्या कारागिराकडूनच करून घ्या, कारण झाकणाला फिंगरप्रिंटची पट्टी चिकटलेली असते आणि घाईत ओढलं की ती तुटते.

विकायच्या आधी परत लॉक करायचा असेल तर कंपनीचं मूळ फास्टबूट रॉम पूर्ण बसवून, फोन एकदा नीट सुरू झालेला बघूनच करा. कस्टम (कंपनीबाहेरचं) रॉम असताना लॉक केला की फोन सुरूच होत नाही. मूळ रॉम बसवायच्या शाओमीच्या मी फ्लॅश टूलमध्ये खाली उजवीकडे 'क्लीन ऑल अँड लॉक' आधीपासूनच निवडलेलं असतं. फ्लॅश दाबण्यापूर्वी दर वेळी ते बदलून 'क्लीन ऑल' करा.