अपडेट बरोबर चालतंय, मग रो-काउंट शून्य का? माझा अनुभव

पीएचपी आणि मायएसक्यूएलवर काम करणाऱ्यांसाठी लिहितोय, डोक्यातला वैताग अजून गेलेला नाही. माझ्याकडे एक जुना प्रोजेक्ट आला, त्यात ग्राहकाची माहिती सेव्ह केली की कोड रो-काउंट (क्वेरीने किती रो बदलल्या तो आकडा) बघायचा आणि शून्य आलं की थेट 'ग्राहक सापडला नाही'. अरे, ग्राहक टेबलात समोर दिसतोय! बरं कधी मेसेज यायचा, कधी नाही, सपोर्टवाले स्क्रीनशॉट पाठवतायत आणि मी लॉग उपसत बसलोय.

शेवटी तीच क्वेरी टर्मिनलवर हाताने चालवली. खाली आलं: रोज मॅच्ड १, चेंज्ड ०. तिथे ट्यूब पेटली. लोक काहीच न बदलता सेव्ह दाबत होते, आणि जुनी-नवी व्हॅल्यू सारखीच असेल तर मायएसक्यूएल ती रो मोजतच नाही, व्हेअरमध्ये (क्वेरीतल्या अटीत) सापडली असली तरी. दुसऱ्या एका स्क्रीनला हा त्रास नव्हता कारण तिथल्या क्वेरीत वेळेच्या कॉलममध्ये नाऊ (आत्ताची वेळ) टाकलेलं, म्हणजे काहीतरी बदलायचंच. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये तर तीच व्हॅल्यू परत लिहिली तरी १ येतो. सगळ्यात डोकं फिरवलं ते जावावाल्या टीमने, त्यांना त्याच डेटाबेसवर तीच क्वेरी १ देत होती, मग काय, 'तुमचाच कोड बघा'. त्यांच्या ड्रायव्हरमध्ये (डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीत) 'यूज अफेक्टेड रोज' मुळातच फॉल्स असतं, म्हणून तो सापडलेल्या रो मोजतो. हे शोधायला किती जीव खाल्ला!

उपाय एका ओळीचा: पीडीओमध्ये (पीएचपीची डेटाबेसशी बोलायची सोय) मायएसक्यूएलचा 'फाउंड रोज' अ‍ॅट्रिब्यूट ट्रू करा, मग इथेही सापडलेल्या रो मोजल्या जातात. पण कनेक्शन बनवतानाच, ऑप्शन्सच्या अ‍ॅरेत, नंतर सेट करून काही होत नाही.

हां, त्याआधी कोडमध्ये 'ऑन डुप्लिकेट की अपडेट' (तीच की आधीपासून असेल तर नवी रो न टाकता जुनीच बदलणारा इन्सर्ट) कुठे आहे ते शोधून ठेवा. तिथे नवी रो पडली तर १, जुनी बदलली तर २, काहीच बदललं नाही तर ० येतो, आणि फाउंड रोज लावलं की त्या ० चा १ होतो, मग नवी रो पडली की जुनीच होती हे आकड्यावरून कळत नाही. आमच्याकडे एक इम्पोर्ट याच आकड्यावर चालायचा, त्याला वेगळं कनेक्शन दिलं.

आणि एसक्यूएलमधलं रो-काउंट फंक्शन वापरत असाल तर अपडेटनंतर लगेच व्हेरिएबलमध्ये घ्या, मध्ये एखादा सिलेक्ट आला की उणे १ मिळतो.