उत्तर बरोबर अर्धं का आलं

काल भाची वही घेऊन आली, म्हणे मामा, पुस्तकातल्या उत्तराच्या बरोबर निम्मंच येतंय, कुठे गंडलंय ते सांग. गणित नेहमीचंच. ४० मीटर उंच कड्यावरून चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने, आडव्याशी ३० अंश करून वर फेकला, तर पायथ्यापासून किती लांब पडेल? जी, म्हणजे गुरुत्वाचं त्वरण, १० धरा. तिने थेट रेंजचा, म्हणजे चेंडू आडवा किती लांब जातो त्याचा, फॉर्म्युला लावला होता, यू वर्ग साइन टू थीटा भागिले जी (यू फेकण्याचा वेग, थीटा कोन), आणि आले ३४.६ मीटर.

मी पण अकरावीत हेच करायचो, त्यामुळे ओरडायचा हक्क नव्हता. हा फॉर्म्युला जिथून फेकलं त्याच लेव्हलला परत येणाऱ्या चेंडूचा आहे, कड्याबिड्याला तो चालत नाही. (४५ अंशाला सगळ्यात लांब जातं हे पण त्याच लेव्हलपुरतं, आणि हवेचा अडथळा सोडला तरच.)

मग कागदावर मधोमध रेघ मारायला लावली, डावीकडे आडवं, उजवीकडे उभं, आणि दोघांत कॉमन फक्त वेळ. ही वाटणी गॅलिलिओची, १६३८ साली छापलेली, आणि खरं सांगायचं तर या चॅप्टरमध्ये याच्याशिवाय फारसं काही नाहीच. आडवा वेग २० कॉस ३० म्हणजे १७.३, तो शेवटपर्यंत तेवढाच. उभा वेग २० साइन ३० म्हणजे १०, आणि वरची दिशा प्लस धरली की त्वरण मायनस १०.

आता खरी मेख. तिने उभं अंतर प्लस ४० टाकलं आणि वर्गमूळाखाली मायनस आलं, म्हणाली गणितच चुकीचं आहे. अगं, गणित बरोबरच बोलतंय, चेंडू हातापासून जेमतेम ५ मीटर वर जातो, तू त्याला ४० मीटर वर कधी पोचतो विचारतेयस, तो म्हणतो कधीच नाही! जमीन खाली आहे म्हणून मायनस ४०. उभं अंतर म्हणजे उभा वेग गुणिले वेळ (टी), अधिक निम्मं त्वरण गुणिले टी वर्ग, म्हणून मायनस ४० बरोबर १० टी वजा ५ टी वर्ग, सोडवलं की टी ४ किंवा मायनस २. चार सेकंद गुणिले १७.३, म्हणजे ६९.३ मीटर.

मायनस २ वर ती काट मारायला निघाली तेव्हा मी पेन धरलं. समीकरणाला कडा माहीतच नाही, त्याला फक्त वक्र माहितीये. तोच वक्र मागे खेचत नेला तर २ सेकंद आधी चेंडू जमिनीवर होता, ३४.६ मीटर मागे, उभा वेग ३० (खडकाच्या आत, पण ते असो). म्हणजे तिथून कोणी ६० अंशाने ३४.६ वेगाने मारला असता तर आपल्या हाताजवळून अगदी आपल्यासारखाच गेला असता.

हे ऐकून तिने स्वतःच तोच रेंजचा फॉर्म्युला या नव्या आकड्यांना लावला, कारण आता सुरुवात आणि शेवट एकाच लेव्हलला होते. १०३.९ आले, त्यातून मागचे ३४.६ वजा केले, आणि वही माझ्यापुढे सरकवली. ६९.३.